भरलेली की रिकामी?

नाशिकच्या अंबडमध्ये एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवणाऱ्या विभागात, मी वीस वर्षं काढली. तिथं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलतात. ट्रकची बॉडी बांधणारे फुटांत बोलतात: अठरा फुटी हौदा, आठ फूट रुंदी, चार फुटी फाळका. म्हणून मी ट्रकच्या मॉडेलसाठी १:१२ हे प्रमाण धरलं. त्यात खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलचा बरोबर एक इंच. अठरा फुटी हौदा अठरा इंचांचा होतो. मिस्त्रीनं तोंडी सांगितलेलं माप कसलाही भागाकार न करता कागदावर उतरतं. कुणाला पहिल्यांदाच ट्रकचं मॉडेल शून्यातून करायचं असेल तर मी हेच प्रमाण सुचवेन, फक्त घरात अडीच फूट लांबीची जागा कायमची गेली असं समजायचं.

बाजारात ट्रकचे जे किट मिळतात ते बहुतेक १:२४ किंवा १:२५ चे, आणि गाड्या युरोप-अमेरिकेच्या. मला मामांची गाडी करायची होती. टाटा १६१३. आखूड नाक, दोन्ही बाजूंनी गोलावलेली मडगार्डं, काचेवर पुढे आलेला टप. लासलगाव-पिंपळगावचा कांदा भरून मामा ती कोलकात्यापर्यंत नेत. या नाकाच्या गाड्यांत इंजिन अर्धं नाकात आणि अर्धं केबिनमध्ये असतं, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधे. त्या झाकणावर घोंगडी अंथरून मी शाळेच्या सुट्टीत झोपलो आहे. कसारा घाट उतरताना पाठीला चटका बसायचा आणि मामा सांगायचे, ज्या गिअरला घाट चढतो त्याच गिअरला उतरायचा. गाडी पुढे विकली. माझ्याकडे तिचे दोन फोटो उरले, दोन्हीत आमचं कुटुंब पुढे उभं आणि गाडी मागे अर्धी झाकलेली.

१६१३ या आकड्याचा अर्थ मला मॉडेल करायला घेतल्यावर नीट कळला. पहिले दोन अंक गाडी आणि माल मिळून वजनाचे, सोळा टन. पुढच्या दोन अंकांना दहानं गुणलं की अश्वशक्ती, एकशे तीस. इंजिनाचं नावही असंच बोलकं: ६९७, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचं बोअर, सिलिंडरचा आतला व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १२८. हेच ९७ बाय १२८ डायम्लर-बेन्झच्या ओएम ३५२ या इंजिनाचंही माप. टेल्को (टाटांची ट्रक बनवणारी कंपनी) आणि डायम्लर-बेन्झ यांचा करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षं चालला, त्या काळात गाडीच्या नाकावर तीन टोकांचा तारा असे. आमच्या मामांच्या गाडीवर तारा नव्हता, पण मापं बघताना त्या घराण्याची ओळख पटत गेली. मॉडेलमध्ये हे बोअर आठ मिलिमीटरचं झालं. आतले पिस्टन मी केले नाहीत, बाहेरून दिसतं तेवढंच इंजिन केलं. तरी सिलिंडरमधलं अंतर बरोबर आलं नसतं तर इंजेक्टरच्या सहा नळ्या चुकीच्या जागी गेल्या असत्या, आणि बॉनेट उघडल्यावर पहिली नजर तिथंच जाते.

मापासाठी खरी गाडी हवी होती. आडगावच्या ट्रक टर्मिनलच्या परिसरात चौकशी करत फिरलो तेव्हा एका गॅरेजमध्ये जुनी १६१३ कामासाठी उभी दिसली. मिस्त्रींना कारण सांगितलं. ते काही बोलले नाहीत, आत जाऊन रिकामं पोतं आणून माझ्या हातात दिलं, खाली झोपायला. दोन रविवार मी त्या पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली होतो.

फोटोंवरून माप घेणाऱ्यांना एक सांगतो. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि मागचा भाग लहान होतो. तीस-चाळीस फूट मागे जाऊन, झूम करून फोटो काढावा, आणि चौकटीत एक पट्टी उभी धरावी. पुढच्या जाळीसाठी मी ट्रेसिंग पेपर चिकटवून वरून पेन्सिल घासली, जशी आपण लहानपणी नाण्यावर घासायचो. त्या कागदाइतकं खरं माप मला दुसऱ्या कशातूनही मिळालं नाही.

दुसऱ्या रविवारी माझी मापं जुळेनात. उजवीकडची उंची आणि डावीकडची उंची यांत अर्ध्या इंचाचा फरक. मी तीनदा मोजलं, मग मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आपल्याकडे गाडी डावीकडनं चालते, आणि रस्त्याचा उतारही कडेकडं. जन्मभर त्याच अंगावर भार. डावे पाटे आधी बसतात." पाटे म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या, पोलादी पट्ट्यांच्या थप्पीच्या स्प्रिंगा. टूलरूममध्ये आम्ही डावं-उजवं आरशातल्यासारखं करतो, एक ड्रॉइंग काढलं की दुसरं उलटवायचं. या गाडीचं अर्धं ड्रॉइंग काढून चालणार नव्हतं. फाळक्याच्या बिजागऱ्याही वेगवेगळ्या होत्या, एक जुनी घडीव आणि दोन बाजारातल्या. मी सगळं वेगवेगळं लिहून घेतलं.

आणखी एक गोष्ट त्या गॅरेजमध्ये समजली, ती मला आधी माहीत असायला हवी होती. त्या काळातले कित्येक ट्रक कारखान्यातून पूर्ण गाडी म्हणून निघतच नसत. चेसिस, इंजिन आणि पुढचा काचेपर्यंतचा पत्र्याचा मुखवटा एवढंच निघे. दारं नाहीत, पाठ नाही, छप्पर नाही. ड्रायव्हर तोंडाला फडकं बांधून, लाकडी फळीवर बसून शेकडो मैल ती तशीच चालवत आणायचा आणि बाकीचं बॉडीवाला बांधायचा. म्हणून एकाच मॉडेलचे दोन ट्रक सारखे नसतात. समोरचा चेहरा कारखान्याचा, बाकी सगळं ज्या गावात बांधलं त्या गावाचं. माझं कामही मग मी तसंच विभागलं: चेसिस आणि मुखवटा मिलिमीटरमध्ये, हौदा आणि केबिनची पाठ फुटा-इंचांत.

चेसिससाठी २४ गेजचा पत्रा घेतला, जाडी सुमारे ०.५६ मिलिमीटर. खऱ्या पट्टीची जाडी बारानं भागली की याच्या जवळपास येते. दोन लांब पट्ट्या इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकवायच्या, उंची एक इंचाला थोडी कमी. पहिल्या दोन पट्ट्या फुकट गेल्या. पातळ पत्रा अठ्ठावीस इंच लांबीत एका सरळ रेषेत वाकत नाही, मधे पोट धरतो. शेवटी दोन जाड पोलादी पट्ट्यांमध्ये पत्रा पूर्ण लांबीत आवळला आणि लाकडी ठोकणीनं टोकाकडून टोकाकडे, एका वेळी थोडं थोडं, सहा-सात फेऱ्यांत वाकवला. आडव्या पट्ट्या खऱ्या गाडीत रिव्हेटनं जोडलेल्या असतात. मी टाचण्या वापरल्या. टाचणीचं डोकं दीड-दोन मिलिमीटरचं, म्हणजे खऱ्या मापात रिव्हेटच्या डोक्याएवढं. एकशे चाळीस भोकं, प्रत्येकात टाचणी, मागून डाख. हे काम मला फार आवडलं. रात्री जेवण झाल्यावर दहा-बारा रिव्हेट व्हायचे आणि झोप शांत लागायची.

चाकाचं डिस्क दहा स्टडचं आहे. सहा चाकं, पण मागची जोडीनं एकाच स्टडवर बसतात, म्हणून नट चाळीस. खरा नट ३०-३२ मिलिमीटरचा, मॉडेलमध्ये अडीच मिलिमीटरचा हवा. इतका बारीक नट मला कुठं मिळाला नाही. मग अडीच मिलिमीटरची अ‍ॅलन की घेतली. ती मुळात षटकोनी सळईच असते. कटिंग डिस्कनं तिच्या एक-एक मिलिमीटरच्या चकत्या पाडल्या. चाळीस चकत्यांसाठी तीन चाव्या लागल्या.

टायर ९.००-२०. नऊ इंच रुंदीचा, वीस इंचांच्या रिमवर बसणारा, एकूण व्यास साधारण चाळीस इंच. मॉडेलमध्ये ८५ मिलिमीटर. काळ्या नायलॉनच्या रॉडमधून लेथवर काढले. पुढच्या टायरवर सरळ खाचा असतात, त्या लेथवरच पडतात. मागच्या टायरची नक्षी तिरपी आणि खोल असते, ओढीसाठी. ती मिलिंगवर एकेक खाच फिरवून पाडावी लागली. चार टायरना चार रविवार गेले. कंपनीनं सुट्टीच्या दिवशी मशिन वापरू दिलं, ही मोठीच मदत होती.

नाक मात्र माझ्या आवाक्यातलं नव्हतं. बॉनेट आणि मडगार्ड यांना दोन्ही दिशांनी गोलाई आहे. असा पत्रा नुसता वाकवून होत नाही, तो ठोकून ताणावा लागतो. मी शिवणीच्या लाकडात साचा कोरला आणि लोखंडी पत्रा त्यावर ठोकून पाहिला. कडेला चुण्या पडल्या. तेव्हा आमच्या हिच्या लक्षात आलं की आपण राहतो त्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालत आलंय. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी घराघरांत आहेत. मी साचा पिशवीत घालून जुन्या नाशकात गेलो.

तिथल्या एका वयस्क तांबटकाकांनी साचा हातात फिरवून बघितला आणि विचारलं, "हे काय, गाडीचं नाक का?" मग म्हणाले, लोखंड सोड, तांबं आण, अर्धा मिलिमीटरचं. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. तांब्याचा पत्रा लाल होईपर्यंत तापवायचा आणि सरळ पाण्यात बुडवायचा. मी आयुष्यभर पोलाद तापवून विझवलं आहे, ते कडक व्हावं म्हणून. तांबं उलट मऊ होतं. पुस्तकात हे मी वाचलं होतं. पण पाण्यातून काढलेला तो पत्रा बोटांनी कणकेसारखा दबला तेव्हा मी काकांकडे बघतच राहिलो. ठोकता ठोकता तांबं पुन्हा कडक होतं. ते कधी झालं हे काका डोळ्यांनी बघत नव्हते. "कान दे," म्हणाले. मऊ पत्र्यावर ठोका बसला की थप्प असा आवाज येतो. कडक झाला की टणका येतो. टणका आला की थांबायचं, पुन्हा तापवायचं. न थांबता ठोकलं तर चीर पडते. एक मडगार्ड मी असंच चिरलं. काकांनी दुसरा पत्रा पुढे सरकवला आणि पैसे विचारले तर म्हणाले, गाडी झाल्यावर दाखवायला आण.

अकरा वेळा तापवून-विझवून बॉनेट साच्यावर बसलं. त्यावर ठोक्यांची जी बारीक नक्षी उमटली होती ती पॉलिश पेपरनं घासून काढताना हात धजत नव्हता. पण गाडीचं नाक गुळगुळीतच हवं.

पाट्यांकडे मी सगळ्यात कमी लक्ष दिलं होतं. पुढचे पाटे, मागचे मुख्य पाटे आणि मागच्यांच्या वर बसणारा हेल्पर पाटा. पितळेच्या एक मिलिमीटर जाड, सहा मिलिमीटर रुंद पट्ट्या घेतल्या, लांबीत कमी-कमी करत कापल्या, वाकवल्या, यू-बोल्टनं आवळल्या. दिसायला अगदी हुबेहूब. आठ महिन्यांनी गाडी चाकांवर उभी राहिली तेव्हा मामांना घरी बोलावलं. ते आता सत्तरीत आहेत, ओझरहून येतात. चहा झाला. मामांनी मॉडेल हातात घेतलं नाही. टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवली आणि चाकांमधून पलीकडे बघत राहिले. मग मागच्या पाट्यांपाशी बोट नेलं.

"भाच्या, गाडी भरलेली हाये का रिकामी?"

मला प्रश्नच कळला नाही. मामांनी समजावलं. रिकाम्या गाडीत हेल्परची टोकं वरच्या ब्रॅकेटला टेकत नाहीत. बोट जाईल एवढी फट असते. माल चढला की मुख्य पाटे सपाट व्हायला लागतात, फट मिटते, हेल्पर टेकतो आणि मग तोही भार उचलतो. मोजायला काटा जवळ नसला की ड्रायव्हर खाली वाकून ही फटच बघतो. माझ्या मॉडेलमध्ये मुख्य पाटे सपाट होते, म्हणजे गाडी भरलेली. हेल्पर मात्र मोकळा, म्हणजे रिकामी. "अशी गाडी रस्त्यावर कुढंच नाही दिसणार," मामा म्हणाले. त्यांनी हे रागानं नाही सांगितलं. त्यांना ते बघवत नव्हतं एवढंच.

मी आडगावला जी मापं घेतली त्यांतली काही गाडीला जॅक लावलेला असतानाची होती आणि काही जॅक काढल्यानंतरची. दोन वेगळ्या क्षणांची गाडी मी एकत्र जोडली होती.

यावर मी बरेच दिवस विचार केला. पाटे भरलेल्या आकारात वाकवून पक्के डाख देऊन टाकायचे, हा सोपा मार्ग होता. पण मला पाटे हलते हवे होते, मालानंच दबणारे. इथं प्रमाणाचं गणित आडवं येतं. लांबी बारा पटीनं कमी केली की वजन बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १७२८ पटीनं उतरतं. पाट्याचा कडकपणा मात्र बारा पटीनंच उतरतो. म्हणून सगळी मापं अचूक धरून पोलादी पाटे केले तर ते मॉडेलच्या वजनाला दाद देत नाहीत. खऱ्या गाडीच्या मानानं ते बारा पट ताठ होतात. माझे पितळी पाटे वाकले होते ते स्प्रिंगसारखे नव्हे. डाख देताना तापून पितळ मऊ पडलं होतं आणि बसलं ते बसलंच.

दुसऱ्यांदा पाटे केले ते वापरून झालेल्या हॅक्सॉ पात्यांचे. दात घासून काढले, पाती तापवून मऊ केली, आकार दिला, पुन्हा कडक केली आणि मग पाणी उतरवलं, म्हणजे हलकं तापवून कडकपणा थोडा कमी केला. हे माझ्या धंद्यातलं काम, इथं मला कुणाला विचारावं लागलं नाही. पण थप्पीत दोनच पाटे पोलादी ठेवले. मधले सगळे काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचे, नुसते सरकणारे. दिसायला थप्पी पूर्ण, ताकद दोन पाट्यांची. डाव्या बाजूचे पाटे एक मिलिमीटर जास्त बसवले. मिस्त्रींचा अर्धा इंच.

मग वजनाचा हिशेब. त्या काळी दोन आसांच्या गाडीचं पासिंग, म्हणजे मालासकट मंजूर वजन, १६.२ टन होतं. १७२८ नं भागलं तर ९ किलो ३७५ ग्रॅम. माझं रिकामं मॉडेल वाण्याच्या काट्यावर ३ किलो ६०० ग्रॅम भरलं, म्हणजे खऱ्या मापात सहा टनांच्या थोडं वर. लाकडी बॉडीच्या रिकाम्या गाडीचं वजनही साधारण एवढंच असतं. हा आकडा बघून मला झालेला आनंद मी कुणाला नीट सांगू शकलो नाही. उरले दहा टन. पन्नास किलोची एक गोणी, तर दोनशे गोण्या. एका गोणीचं मॉडेलमधलं वजन २९ ग्रॅम.

रंगाचं मधेच सांगून टाकतो, कारण तिथं मी दोन चुका केल्या आणि दोन्ही टाळता येण्यासारख्या होत्या. पहिली, जुलैत रंग मारला. नाशिकला त्या दिवसांत हवा ओलीच असते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगातलं थिनर पटकन उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंग पांढुरका होतो. सगळी केबिन दुधाळ झाली. दुसरी चूक घाईची. ती झाकायला घरात होता तो ऑइल पेंट मारला, आणि तो नीट सुकायच्या आत वरून पुन्हा एनसी. खालचा थर पापडासारखा उचलला गेला. सगळा रंग खरवडून काढला आणि पावसाळा संपेपर्यंत ब्रश हातात धरला नाही. दिवाळीनंतर, दुपारच्या कोरड्या उन्हात, आधी प्रायमर, मग पातळ-पातळ चार हात दिले. नॅशनल परमिटच्या हौद्याला वाळक्या पानाचा तपकिरी रंग आणि पांढरी किनार असे, तेच केलं. डब्यातला रंग मात्र जसाच्या तसा मारू नये. लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद आणि जास्त चकचकीत दिसतो. त्यात थोडा पांढरा मिसळला आणि चमक मारली, तेव्हा तो लांबून बघितलेल्या मोठ्या गाडीसारखा दिसला.

अक्षरं मी लिहिली नाहीत. मोठ्या गाडीवर ज्यानं अक्षरं लिहिली त्याच हातानं ती यावीत असं मला वाटत होतं. आता गाड्यांवर बहुतेक रेडियम कापून चिकटवतात, हातानं लिहिणारे पेंटर थोडे राहिले आहेत. महामार्गालगत काम करणारे एक पेंटर तयार झाले. सहा इंची अक्षर अर्ध्या इंचाचं करायचं म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला, खारीच्या केसांचा सगळ्यात बारीक ब्रश काढला आणि पहिल्यांदा रद्दी कागदावर पानभर नुसते काने-मात्रे ओढले. मोठं अक्षर खांद्यातून येतं, म्हणाले, हे बोटातून काढायला लागेल. मागच्या फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलं. महाराष्ट्रात २०१५ मध्ये हे लिहायला बंदी आली, पण मामांची गाडी त्याच्या खूप आधीची. डाव्या बाजूला 'सप्तशृंगी माता प्रसन्न'. त्यातला 'शृं' लिहिताना त्यांनी श्वास रोखून धरला होता, आणि मीही. लिहून झाल्यावर त्यांनी कडेला, न विचारता, एक कमळ काढलं. मामांच्या गाडीवर कमळ होतं की नाही ते फोटोत दिसत नाही. राहू दिलं.

बाकी बारीकसारीक कामं भराभर झाली. काचेच्या रबरासाठी वायरचं काळं आवरण उभं चिरून वापरलं. ताडपत्रीला जुन्या छत्रीचं कापड. समोर लिंबू-मिरची, त्यासाठी रंगवलेला मणी आणि दोरा. धूळ निफाडच्या काळ्या मातीची, मलमलमधून तीनदा गाळलेली, कारण साध्या मातीचा कण १:१२ मध्ये खड्याएवढा दिसतो. डिझेलच्या टाकीखाली ओला डाग हवाच, असं मामांनी फोनवर आठवणीनं सांगितलं.

गोण्यांनी मात्र मला अडवलं. माझा बेत होता की हौद्यात थर्मोकोलचा ठोकळा ठेवावा आणि बाहेरून दिसतील तेवढ्याच गोण्या शिवाव्यात. पण पाटे दबायला वजन पाहिजे, आणि ठोकळ्याखाली शिशाचे तुकडे लपवणं मनाला पटेना. मग सगळ्याच गोण्या खऱ्या करायच्या ठरलं. त्या काळी कांदा तागाच्या बारदानात जायचा. बारदानाची वीण या मापाला फार जाड, म्हणून मांजरपाट घेतलं आणि चहाच्या पाण्यात उकळून रंगवलं. आत काय भरायचं, याचं उत्तर आमच्या हिनं दिलं. मध्यम कांदा साठ मिलिमीटरचा, मॉडेलमध्ये पाच मिलिमीटरचा. तिनं डब्यातून मूठभर अख्खी तूर काढून ओट्यावर ठेवली. भरलेल्या गोणीतून कांदे जसे बाहेर उमटतात तशी ती कापडातून उमटते. नुसती तूर भरली तर गोणी जड होते, म्हणून लाकडाचा भुसा मिसळून प्रत्येक गोणी २९ ग्रॅमची केली. तूर आधी भाजून घेतली, नाहीतर वर्षभरात कीड लागेल. हिनं मशिनवर कडा मारल्या, तोंडं मी सुतळीच्या एकेका धाग्यानं शिवली, दोन्ही कोपऱ्यांना कान ठेवून, कारण हमाल गोणी तिथंच धरतो.

एकशे तीस गोण्या झाल्यावर मी त्या हौद्यात लावल्या, ताडपत्री ओढली, दोर आवळले आणि मामांना बोलावलं.

मामांनी पुन्हा हनुवटी टेबलाला टेकवली. हेल्पर टेकला होता. मी काहीच बोललो नाही. मामांनी खिशातून एसटीचं तिकीट काढलं, हेल्परच्या टोकाशी आणि ब्रॅकेटच्या मधे सरकवलं आणि हळूच ओढलं. तिकीट अख्खं बाहेर आलं.

"टेकलाय, पण दबला नाही," ते म्हणाले. "भरल्या गाडीत हा कागद फाटायला पाहिजे. तीनेक टन कमी भरलंय तू."

मी आत जाऊन वहीत हिशेब केला. सत्तर गोण्या कमी, साडेतीन टन. बाहेर येऊन आकडा सांगितला तेव्हा मामा ताडपत्रीचे दोर सोडत होते. गाठ चुकली होती. दोराला मधेच पीळ देऊन फास करायचा, त्यातून टोक खाली हुकाला घालून ओढायचं, म्हणजे एका माणसाच्या ओढीत दोन माणसांची ताकद येते. त्यांची बोटं आता थरथरतात, अर्ध्या इंचाच्या हुकात दोर जाईना. मी चिमटा दिला. चिमट्यानं त्यांनी एक गाठ पूर्ण बांधली आणि बाकीच्या मला बांधायला लावल्या.

सत्तर गोण्यांचं कापड चहात भिजत ठेवलं आहे. तूर भाजून झाली आहे.